बिनचाकी होल्डॉलचं मावंदं

मी होल्डॉल बोलतोय. मला चाकं नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट अर्ध्यावर आली की कोणीतरी विचारणारच. नव्या पिढीला होल्डॉल म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. जाड हिरव्या कॅनव्हासचा लांबलचक पट्टा, दोन्ही टोकांना मोठे कप्पे. मध्ये गोधडी अंथरायची, कपडे, उशी, चपला, जे असेल ते कोंबायचं, सगळ्याची वळकटी करायची आणि दोन चामडी पट्ट्यांनी आवळून टाकायची. धरायला वर एक मूठ. मुक्कामाला पोचलात की पट्टे सोडा, बिछाना तयार. तुमची कुठली चाकांची बॅग तुम्हाला झोपायला जागा देते, सांगा बरं?

माझा जन्म १९९१ च्या हिवाळ्यातला, देवळाली कॅम्पच्या बाजारातला. पुंजाराम आणि धोंडाबाई या नवरा-बायकोचं तिथं लहानसं दुकान होतं. कॅम्पात तोफखान्याचे जवान शिकायला येत, बदली झाली की बायकापोरं घेऊन निघून जात, आणि बदली म्हटली की होल्डॉल आलाच. पुंजाराम कापड बेतायचे, चामडं कापायचे. शिवण मात्र धोंडाबाईंची. साध्या शिवणीला मशीन चालायचं, पण जिथं ताण येतो तिथं त्या मशीनला हात लावू देत नसत. दाभण घ्यायचं, दोरा मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढायचा आणि हातानं टाके घालायचे. मूठ शिवून झाली की पुंजाराम प्रत्येक होल्डॉल आढ्याच्या हुकाला टांगायचे आणि दोन्ही हातांनी मिठी मारून स्वतःचे पाय वर उचलायचे. मी फाटलो नाही. त्या दोघांचं भांडण झालेल्या दिवशी शिवलेला एक भाऊ मात्र फाटला होता म्हणे.

मला एका हवालदारानं सांगून करून घेतलं होतं. पण त्याला अचानक हुकूम आला आणि तो न सांगता निघून गेला. पुंजाराम म्हणाले, "राहू दे, येईल तो." तो आला नाही. मग मला नमुना म्हणून खिळ्याला लटकवलं. माझ्यासमोर शिवलेले होल्डॉल जम्मूला गेले, तेजपूरला गेले, आणि मी आठ वर्षं एका खिळ्यावर. प्रवासासाठी जन्माला यायचं आणि दुकानाच्या भिंतीवर म्हातारं व्हायचं! मला याचा संताप यायचा, आजही येतो.

माझ्या बरोबर समोर एक कॅलेंडर होतं. १९८६ सालचं. भिंतीला ओल आली होती, ती झाकायला पुंजारामांनी ते लावलं आणि साल संपलं तरी काढलं नाही. चित्रात डोंगरउतारावर एकावर एक रचलेली पांढरी घरं, मधून चढत गेलेल्या पायऱ्या आणि खाली निळंशार पाणी. धोंडाबाईंची बसायची जागा त्या चित्रासमोर. दाभण आत घालताना मान खाली, दोरा ओढताना मान वर. मान वर केली की समोर समुद्र. अशी किती वर्षं गेली असतील, तुम्हीच हिशेब करा. त्यांना त्या चित्रातल्या खिडक्या पाठ झाल्या होत्या. सतरा खिडक्या आणि एक निळं दार.

एकदा एका कॅप्टनची बायको पट्टा बदलायला आली. धोंडाबाईंनी तिला चित्राखालची बारीक अक्षरं वाचायला लावली.

"हायड्रा लिहिलंय. ग्रीसमधलं बेट आहे. तिथं गाड्या नसतात म्हणे, सगळं चालत."

ती गेल्यावर धोंडाबाई पुंजारामांना म्हणाल्या, "आपण सगळ्यांना पिशव्या शिवून धाडतो. मला एकदा तिथं जायचंय."

पुंजाराम चामडं कापत होते. ते हसले नाहीत, हे मी पाहिलं. ते म्हणाले, "जा ना. तू जाऊन ये, मावंदं मी घालतो."

मावंदं ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो. काशीयात्रा करून माणूस परत आला की घरी आणलेल्या गंगेच्या गडूची पूजा होते, आल्यागेल्याला तीर्थ देतात आणि गावाला जेवण घालतात. मावंदं झालं म्हणजे यात्रा पुरी झाली. समुद्र बघून आल्याचं मावंदं कोणी घातल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. पण पुंजाराम बोलले ते मनापासून बोलले.

१९९८ मध्ये पुंजाराम वारले. पुढच्या वर्षी मुलानं, शेखरनं, दुकानाला काच लावली, ओली भिंत रंगवली आणि चाकांच्या बॅगा आणल्या. लाल, जांभळ्या, चकचकीत, ओढली की घरंगळत येणाऱ्या. कॅलेंडर धोंडाबाईंनी घडी करून माझ्या कप्प्यात ठेवलं. मला माळ्यावर टाकलं. तिथं उंदीर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शेजारची फोमची उशी खाल्ली. मेणाचा टाका उंदरालाही कळतो.

आणि मग २००३ साल आलं. सिंहस्थाचं. सगळा देश नाशिकला यायला निघाला होता. साधू, हत्ती, बसगाड्या, मांडव. आणि त्याच वर्षी धोंडाबाईंनी जाहीर केलं की आपण नाशिकबाहेर चाललोय. नाशिकच्या एका टूरवाल्याची भूमध्य समुद्राची सहल होती, इटली, सिसिली, माल्टा, ग्रीस. पितृपक्षात निघायची म्हणून जागा रिकाम्या होत्या आणि भाव उतरला होता. पितृपक्षात चांगलं काही सुरू करत नाहीत ना आपल्याकडे.

घरात बैठक बसली. थोरले दीर खंडेराव भगूरहून मुद्दाम आले.

"अख्खी दुनिया रामकुंडावर यायलीय अन् तू इथून पळतीस?" ते म्हणाले. "अन् पुंजारामची तिथी? त्या दिवशी तू घरी नको?"

"श्राद्ध शेखर घालील, भाऊजी. घास मी तिकडून टाकीन."

"म्हातारपणी माणूस काशीला जातं. चारधाम करतं. तुला कोणी अडवलंय का? तिकीट मी काढतो."

"मला देव बघायचा नाय. देव इथं लय हायेत. मला ते बघायचंय," असं म्हणून त्यांनी कॅलेंडर पसरलं.

खंडेराव चित्राकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "ह्या घरांसाठी?"

शेखरचा मुद्दा वेगळाच होता. धोंडाबाईंनी माळ्यावरून मला काढलेलं त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "आई, माझं बॅगांचं दुकान हाय अन् तू हे बोचकं घेऊन विमानात बसणार? लोक मला काय म्हणतील? ही घे, जांभळी. चार चाकांची."

बोचकं! मला! धोंडाबाईंनीच उत्तर दिलं म्हणून बरं. "तुझ्या बॅगंला मी नावं ठेवत नाय. पण ती माझ्या हातची नाय."

सून सविता मात्र सरळ कामाला लागली. तिनं गुपचूप माझ्यात गोधडी अंथरली, दोन लुगडी, चटणी, भडंग आणि एक तांब्याचा रिकामा गडू ठेवला. धोंडाबाईंनी वरच्या कप्प्यात आपलं दाभण, दोरा, मेणाचा गोळा आणि कॅनव्हासच्या चार पट्ट्या टाकल्या. तिकिटासाठी पाटल्या त्यांनी आधीच मोडल्या होत्या.

सहलीतली मंडळी नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडची, सुखवस्तू. विमानतळावर मला काट्यावर ठेवलं तेव्हा मागे खसखस पिकली. सहल नेणारा मनोज हळूच म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी एखादी चांगली बॅग घ्या. ग्रुपमध्ये जरा बरं दिसतं." रोशनी नावाची बँकेतली एक बाई होती, तिची लाल बॅग माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे नाक मुरडल्यासारखं केलं. बॅगेनं, बाईनं नव्हे. बाई चांगली होती.

मी मनात म्हटलं, थांबा. रस्ता लागू द्या.

रस्ता नेपल्समध्ये लागला. काळ्या दगडांचे जुने रस्ते, बोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या बायका खिडकीतून एकमेकींना मीठ देतील. वर दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. धोंडाबाई म्हणाल्या, "आपल्या नाशकातल्या भद्रकालीच्या बोळांसारखंच हाय की!" आणि त्याच दगडांवर चाकांची खडखड सुरू झाली. अठ्ठावीस बॅगा, खड-खड-खड, बोळभर माणसं दारात आली. मी धोंडाबाईंच्या खांद्यावर शांत. दुसऱ्या वळणावर रोशनीच्या लाल बॅगेचं एक चाक निघालं आणि उतारावरून एकटंच पळत गेलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

सिसिलीत सिराक्यूज नावाचं गाव आहे, समुद्रात घुसलेलं. तिथलं मोठं चर्च एका जुन्या ग्रीक देवळातच बांधलंय. देवळाचे जाडजूड खांब तसेच ठेवून मधे भिंती घातल्या. मनोज कुठलं शतक, कोणता राजा ते सांगत होता. धोंडाबाई भिंतीला हात लावून सांधा बघत होत्या. "उसवलं नाय यांनी. जुन्याला धरूनच शिवलं," त्या म्हणाल्या, आणि दोन बायकांनी त्यांच्यासारखाच हात लावून पाहिला.

तिथंच धक्क्यावर एक म्हातारा कोळी जाळं सांधत बसला होता. दोरा मेणावरून दोनदा ओढत होता. धोंडाबाई थबकल्या. मला खाली ठेवलं, कप्प्यातून आपला मेणाचा गोळा काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं वास घेतला. मग त्यांनी त्याचा घेतला. त्यानं माझी मूठ उलटी करून टाके पाहिले, अंगठ्यानं दाबले, आणि काहीतरी मोठ्यानं बोलला. भाषा कळली नाही, पण शिव्या नव्हत्या. शेवटी दोघांनी गोळे बदलले. बारा वर्षांत माझ्या टाक्यांना त्या दृष्टीनं बघणारा तो पहिला माणूस, आणि तो नाशिकचा नव्हता.

माल्टाच्या व्हॅलेटात काही रस्ते म्हणजे नुसत्या पायऱ्या. लाल बॅगेची मूठही तिथं हातात आली. रोशनी पायरीवर बसली, रडवेली झाली. धोंडाबाई तिच्याशेजारी बसल्या, कप्प्यातून कॅनव्हासची पट्टी काढली आणि भर रस्त्यात दाभण चालवायला लागल्या. अर्ध्या तासात लाल बॅगेला खांद्याचा पट्टा लागला.

"मावशी, किती ताकद आहे हो याच्यात?"

"लोंबकळून बघ," धोंडाबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत चार बॅगा त्यांच्यासमोर रांगेत. चाकं वर करून पडलेल्या. त्यानंतर मनोजनं चांगल्या बॅगेचा विषय काढला नाही.

आणि मग अथेन्सवरून बोटीनं हायड्रा. बोट वळली आणि धोंडाबाई उभ्याच राहिल्या. डोंगरावर तीच उतरंड, त्याच पायऱ्या, तेच पाणी. खरंच गाड्या नाहीत, खेचरं आहेत. पण खेचरं चार आणि बॅगा अठ्ठावीस, मुक्कामाची जागा थेट वर. लोक ताटकळत बसले. धोंडाबाईंनी पदराची चुंबळ केली, मला डोक्यावर घेतलं आणि चालू लागल्या. नऊवारी, डोक्यावर मी, हात मोकळे. खेचरवाल्यानं टोपी काढली. मी इतका उंच कधीच नव्हतो, खिळ्यावरसुद्धा नाही. बेटावरच्या त्या पायऱ्या चढताना मला वाटलं, आता मला कोणी बोचकं म्हणून दाखवावं!

वर चढून त्यांनी कॅलेंडर उलगडलं. डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या, खिडक्या मोजल्या. सतरा. जागा सापडली. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"दार हिरवं केलं यांनी," त्या म्हणाल्या. आणि कॅलेंडरची घडी घालत, "असू दे. आपणबी भिंत रंगवलीच की."

तो दिवस पुंजारामांच्या तिथीचा होता. खालच्या खाणावळीत जेवणाला द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आला. नाशिकच्या बाईला द्राक्षाचं पान ओळखू येणार नाही का? "यांनी तर पानासकट घास वाढलाय," असं म्हणून त्यांनी तो तसाच उचलला, धक्क्याच्या भिंतीवर ठेवला, पान उलगडलं, हात जोडले आणि बाजूला झाल्या. मनोजला वाटलं त्यांना जेवण आवडलं नाही.

"काव, काव," धोंडाबाईंनी हाक मारली.

कावळा नव्हता. पांढरे समुद्रपक्षी होते, पण ते लांबवर होड्यांच्या काठावर बसलेले. एकही जवळ येईना. एक तास गेला. आपल्याकडे घासाला कावळा शिवला नाही की म्हणतात, गेलेल्याचं काहीतरी राहून गेलंय. धोंडाबाई एकेक बोलायला लागल्या. "शेखरचं दुकान बरं चाललंय." पक्षी हलला नाही. "सविता गुणाची हाय." नाही. "भाऊजींवर मी रागावलेली नाय." तरी नाही. मग त्यांचे डोळे भरले. मी शेजारीच होतो, माझ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मावंदं तुमी घालणार होता. राहिलं. ते मी घालीन. कोणी येवो न येवो, घालीन."

एक पांढरा पक्षी उठला, भिंतीवर उतरला आणि घास पानासकट घेऊन गेला. ती भूक होती की पुंजाराम होते, यावर तुम्ही वाद घाला. मी घालणार नाही.

धोंडाबाई धक्क्याच्या पायऱ्या उतरल्या, गडू पाण्यात बुडवला, भरला, झाकण लावलं आणि त्या सिसिलीच्या कोळ्याच्या मेणानं कडा बंद केली. वरून कॅनव्हास शिवून टाकला. तरी परतीच्या विमानात थोडं पाणी झिरपलंच आणि माझ्या पोटावर एक पांढुरका डाग पडला. तो खारा डाग अजून आहे.

घरी आल्यावर खरी लढाई. दसरा झाला की मावंदं, धोंडाबाईंनी सांगितलं. शेखर म्हणाला, "आई, लोक तोंडावर हसतील." खंडेरावांनी भगूरहून निरोप धाडला, ना गंगा, ना देव, असल्या मावंद्याला मी येणार नाही आणि कोणी येईलसं वाटत नाही. धोंडाबाई आठ दिवस कॅम्पभर पायी फिरल्या, प्रत्येक दारात सांगून आल्या. आदल्या रात्री चुलीवर मोठं पातेलं चढवताना सविता म्हणाली, "आई, पन्नास माणसांचं करू का?"

"दोनशेचं कर. नाय आले तर आपण आठ दिवस खाऊ."

पाटावर मला ठेवलं, माझ्यावर गडू. दुपारी बारापर्यंत दारात कोणी नाही. शेखर घड्याळ बघत होता. मी पाटावर ताठ बसलो होतो, पण आत धाकधूक होती. मग रोशनी आली, लाल बॅगेला धोंडाबाईंनी शिवलेला तो पट्टा खांद्याला अडकवून. तिच्यामागे सहलीतली सगळी मंडळी. मग कॅम्पातल्या बायका, पहिल्यांदा दोघी, मग दहा, मग घरात मावेनात. त्यातल्या कोणीच कधी काशीलाही गेल्या नव्हत्या. आणि पंगत बसताना दारात खंडेराव. "पुंजारामचा शब्द होता असा सवितानं निरोप धाडला," ते इतकंच बोलले आणि टोपी काढून बसले.

धोंडाबाईंनी मेण फोडलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर पाणी दिलं. पहिल्यांदा खंडेरावांना. त्यांनी डोळे मिटून तोंडाला लावलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की पोरं हसायला लागली.

"हे खारट हाय, धोंडाबाई!"

"समुद्र हाय, भाऊजी. खारटच असतो."

खंडेरावांनी तळहात पुसला नाही. हळूच विचारलं, "तिथं पाण्यात उतरलीस का?"

"गुडघ्यापर्यंत."

"थंड होतं?"

मग धोंडाबाई सांगत बसल्या आणि खंडेरावांच्या ताटातलं वरण गार झालं.

आता २००९ चालू आहे. धोंडाबाईंची नजर कमी झालीय, दाभणात दोरा सविता ओवून देते. मला पुन्हा दुकानात खिळ्यावर लावलं होतं, चकचकीत बॅगांच्या वर. गेल्या आठवड्यात सवितानं मला खाली उतरवलं. तिला कोकणकिनाऱ्यावर जायचंय, मैत्रिणींबरोबर, आठ दिवस. कुठल्या देवाला नाही, नुसतं. शेखरनं नव्या मालातली बॅग पुढे केली, मग माझ्याकडे बघितलं आणि ती परत जागेवर ठेवली. "निदान त्याचा तो डाग तरी धुऊन ने," तो म्हणाला.

"डागाला हात लावू नका," सविता म्हणाली. "त्या पाण्याचं मावंदं झालंय."

धोंडाबाईंनी माझी मूठ चाचपली, दोन टाके नवे घातले आणि सविताला म्हणाल्या, "लोंबकळून बघ."

ती लोंबकळली. मी फाटलो नाही.

तर मंडळी, उद्या मी निघतोय. एखाद्या स्टँडवर, धक्क्यावर, बाईच्या डोक्यावर मी दिसलो तर चाकं कुठं गेली म्हणून विचारू नका आणि ती कुठल्या देवाला चाललीय म्हणून तर मुळीच विचारू नका. बाकावर जरा सरका आणि आम्हा दोघांना जागा द्या. आणि ती परत आली की जेवायला या. पाणी खारट असेल, सांगून ठेवतो.